मूत्राशयाचा कर्करोग : प्राथमिक अवस्थेतील चिकित्सा आणि वैद्यांचे कर्तव्य

पन्नाशी उलटलेला, वर्षानुवर्षे विडी ओढणारा रुग्ण 'लघवी लाल होते, पण दुखत मुळीच नाही' असे सांगत आला, तर अधोग रक्तपित्त समजून थेट चंद्रप्रभा व गोक्षुरादि गुग्गुळ लिहून देणे योग्य नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन-चार दिवसांत रक्त थांबते आणि औषधास यश आले असे वाटते. परंतु मूत्राशयातील अर्बुदाचा रक्तस्राव स्वभावतःच थांबून थांबून होतो. अशा वेळी मूत्रपरीक्षण, सोनोग्राफी व सिस्टोस्कोपी आवश्यक होय. सोनोग्राफी निर्दोष आली तरी सिस्टोस्कोपी टाळू नये. लहान वा सपाट विकृती तीत दिसतेच असे नाही.

निदानाच्या वेळी सुमारे ७५ टक्के रुग्णांत हा व्याधी मूत्राशयाच्या मांसस्तरात शिरलेला नसतो. अशा अवस्थेत मूत्रमार्गातून दुर्बिणीद्वारे अर्बुद खरवडून काढतात. यास टीयूआरबीटी म्हणतात. हीच शस्त्रक्रिया निदान पक्के करते, कारण काढलेल्या तुकड्यात मांसस्तर आला असेल तरच व्याधीची खोली निश्चित सांगता येते. तो आला नसल्यास अथवा व्याधी अस्तराखालील थरात पोहोचला असल्यास बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. रुग्णास ही उपचारातील चूक वाटते. तशी ती नाही, हे आपण समजावून द्यावे.

सौम्य प्रकारात शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत मायटोमायसिनसारखे औषध एकदा मूत्राशयात सोडणे बहुधा पुरते. उग्र प्रकारात बीसीजी देतात. क्षयाच्या लसीतील हेच जिवंत जंतू मूत्राशयात सोडले असता तेथील व्याधिक्षमत्व जागृत होते, हे कॅनडातील मोरालेस यांनी १९७६ साली मांडले. आठवड्यातून एकदा असे सहा वेळा आणि पुढे एक ते तीन वर्षे टप्प्याटप्प्याने हा क्रम चालतो. उत्तरबस्ति जाणणाऱ्या आपल्या वाचकांस स्थानिक चिकित्सेचे हे तत्त्व परके वाटणार नाही.

मात्र या काळात उत्तरबस्ति देऊ नये. मूत्रमार्गास इजा झाल्यास बीसीजीचे जंतू रक्तात शिरण्याची भीती असते. चिकित्सेनंतर एखादा दिवस कणकण व मूत्रदाह होतो. परंतु ज्वर तीव्र असेल वा दोन दिवसांपलीकडे टिकला, तर महासुदर्शन देत न बसता रुग्णास तत्काळ मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवावे. तेथे क्षयावरील औषधे द्यावी लागू शकतात.

द्रव्यांविषयीही एक सांगणे आहे. ईश्वरी अर्थात सापसण या वनस्पतीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. ते वृक्कास घातक असून मूत्रवह स्रोतसात कर्करोग उत्पन्न करते, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. ही वनस्पती कोणत्याही रुग्णास पोटातून देऊ नये.

बल, अग्नि व निद्रा सांभाळणे आणि धूम्रपान सोडवणे येथे आपले कार्य मोठे आहे. हा व्याधी वारंवार उलटतो. म्हणून पहिली तपासणी-सिस्टोस्कोपी तीन महिन्यांनी होते व पुढेही ती वर्षानुवर्षे चालते. रुग्ण कंटाळून ती सोडू पाहतो, आणि बहुधा त्याच सुमारास तो आपल्याकडे येतो. त्याची पुढील तपासणीची तारीख आपल्या केसपेपरवर लिहून ठेवावी.