दारापासून दारापर्यंत : घरसामानाच्या परदेशी वाहतुकीचा व्यवसाय

घोडबंदरचा किल्ला आज मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत मोडतो. पोर्तुगीज अमदानीत जेथे अरबी घोड्यांचा व्यापार चाले आणि जे १७३७ साली मराठ्यांच्या ताब्यात आले, ते हे खाडीकाठचे ठिकाण माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात आणि एकाच्या हवाल्यातून दुसऱ्याच्या हवाल्यात जाण्याचे स्थान म्हणून पूर्वापार परिचित आहे. गलबतांचा काळ सरला. परंतु मुंबई-अहमदाबाद महामार्गाला घोडबंदर रस्ता जेथे मिळतो, त्या काशिमीऱ्याजवळच्या नाक्यावर मालमोटारींची ये-जा अहोरात्र चालूच असते. शेजारच्या दहिसर नाक्यावरची मुंबईची जकात वस्तू व सेवा कर लागू होताच १ जुलै २०१७ रोजी संपली, पण त्यामुळे मालाची वर्दळ कमी झाली नाही. या वर्दळीत एक व्यवसाय असा आहे की ज्याच्या गाडीत विक्रीचा माल नसतो, तर कोणाचे तरी सबंध बिऱ्हाड असते. तो व्यवसाय म्हणजे घरसामानाची देशांतराला रवानगी, ज्याला सर्वजण पॅकर्स अँड मूव्हर्स या नावाने ओळखतात.

मीरा रोडच्या शांतीनगरात किंवा नया नगरात, भाईंदरच्या पूर्वेस वा पश्चिमेस, आखातात, कॅनडात अथवा ऑस्ट्रेलियात कोणी नातलग नाही असे घर शोधावे लागेल. कोणी नोकरीनिमित्त सहकुटुंब जातो, कोणी पंधरा वर्षांनी परततो, कोणाच्या वृद्ध मातापित्यांना मुलगा आपल्याकडे बोलावून घेतो. या प्रत्येक स्थलांतरात पितळी समई, शिलाई यंत्र, मुलांची पुस्तके, आजीच्या हातची गोधडी, लग्नातील भांडी अशा वस्तू असतात, ज्यांची बाजारातील किंमत थोडी आणि घरातील किंमत अपार. असे सामान हरवले तर नुकसानभरपाईच्या रकमेने ते परत येत नाही. त्यामुळे या व्यवसायातील अप्रामाणिकपणा इतर व्यापारातील लबाडीहून अधिक क्रूर ठरतो, आणि त्याचा परिचय तपशिलाने करून घेणे अगत्याचे होते.

रेल्वे येण्यापूर्वी आपल्याकडे बैलांच्या पाठीवरून माल जाई, त्या काळी हुंडेकरी हा एक प्रतिष्ठित व्यावसायिक असे. माल उचलण्याआधी तो एकच ठोक रक्कम मुक्रर करी. वाटेतील नाक्यांवरच्या जकाती आणि किरकोळ देणी त्याच रकमेतून तो स्वतः भागवी, आणि ठरल्या मुक्कामी माल पोहोचवून देई. वाटखर्च किती पडतो याची विवंचना मालाच्या धन्याने करायची नसे. या पद्धतीचा आधार एकच होता : निघण्याच्या दारापासून पोहोचण्याच्या दारापर्यंत एकच इसम जबाबदार होता, आणि तो कोण, कोणत्या गावचा, कोणाच्या ओळखीचा, हे उभयपक्षी ठाऊक होते.

समुद्रमार्गाच्या वाहतुकीत ही जबाबदारी पुढे अनेकांच्या हातांत विभागली गेली. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले, आणि ज्याला आज सारे जग कंटेनर म्हणते त्या लोखंडी पेटीचे युग सुरू झाले. आपल्याकडे २६ मे १९८९ रोजी उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले आणि मुंबई परिसरातील बहुतेक कंटेनर कालांतराने तेथून जाऊ लागले. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. मीरा रोडच्या दोन खोल्यांतून निवडून नेलेले सामान तिचा एक भागच व्यापते. म्हणून चार-सहा कुटुंबांचे सामान एका पेटीत भरण्याची तजवीज करावी लागते, आणि त्या तजविजीबरोबर मध्यस्थांची साखळीही लांबते. घरी येणारी माणसे एका मुकादमाची, टेम्पो दुसऱ्याचा, गोदाम तिसऱ्याचे, पेटीत जागा विकणारा चौथा, कस्टमचा दलाल पाचवा, जहाज सहाव्याचे, आणि परदेशी बंदरात माल सोडवून देणारा सातवा. ज्याने दिवाणखान्यात बसून भाव ठरवला, त्याने यांपैकी एकही काम स्वतः केलेले नसणे अगदी शक्य असते. प्रामाणिक व्यावसायिक या सातही जणांच्या वतीने स्वतः उत्तरदायी राहतो. अप्रामाणिक मनुष्य मात्र नुकसान दिसताच त्यांच्यापैकी कोणाकडे तरी बोट दाखवतो.

सामान बांधण्याच्या दिवशी काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. सकाळी चार-पाच कामगार पुठ्ठ्याची खोकी, बबल रॅप आणि चिकटपट्टीची रिळे घेऊन येतात; निष्णात कामगार काचेचा पेला कागदात गुंडाळून उभाच ठेवतो, जड पुस्तके लहान खोक्यात आणि हलके कपडे मोठ्या खोक्यात भरतो. मुकादम प्रत्येक नगाला क्रमांक देऊन यादी लिहितो. या यादीत एखाद्या नगापुढे पी.बी.ओ. ही तीन अक्षरे दिसली तर त्यांचा अर्थ तो नग मालकाने स्वतः बांधला असा होतो, आणि मग आतील वस्तू फुटल्यास कंपनी सहसा हात वर करते. कामगारांनी बांधलेल्या नगांपुढेही ती अक्षरे लिहिणे, धडधाकट कपाटापुढे ‘ओरखडे’, ‘टवका’ असे शेरे आधीच मारून ठेवणे, आणि सायंकाळी गाडी सुटण्याच्या घाईत दमलेल्या गृहिणीची त्यावर सही घेणे, ही फसवणुकीची पहिली पायरी होय. लाकडी खोके वापरले असेल तर त्यावर उष्णताप्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे दिल्याची ती खूण नसेल, तर परदेशी बंदरात माल अडकतो आणि भुर्दंड मालकावर पडतो.

दुसरी पायरी मापाची. समुद्रमार्गाने जाणाऱ्या घरसामानाचे भाडे बहुधा आकारमानावर ठरते. सहा फूट उंच, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल कपाट ४८ घनफूट, म्हणजे सुमारे १.३६ घनमीटर भरते. त्याच कपाटाची प्रत्येक बाजू फितीवर तीन इंच जास्त वाचली तर तेच जवळजवळ ६० घनफूट होते, आणि मालकाच्या लक्षातही न येता भाडे पाव हिश्शाने वाढते. वेष्टणाने आकार थोडा वाढतो हे खरे. म्हणूनच बांधणीनंतर मालकासमक्ष माप घेऊन ते यादीत नोंदवण्याचा आग्रह धरणे उचित ठरते. ज्या कंपन्या दूरध्वनीवर दोन वाक्यांत कमी भाव सांगतात आणि सामान गोदामात गेल्यावर ‘माप जास्त निघाले’ असे कळवतात, त्यांचा नफा या दोन मापांच्या अंतरात असतो.

तिसरी आणि सर्वांत दुःखदायक पायरी म्हणजे सामान ओलीस धरणे. उतरणीच्या बंदरातील दलाल सामान सोडवण्याचा हुकूमनामा, ज्याला व्यवहारात डी.ओ. म्हणतात, तो हाती ठेवून असतो. कित्येकदा निघण्याच्या ठिकाणी समुद्राचे भाडे मुद्दाम अत्यल्प लावले जाते, कारण उतरणीचा दलाल पाठवणाऱ्याला कमिशन देतो आणि ते हाताळणी, कागदपत्रे, गोदाम अशा शीर्षकांखाली मालकाकडून वसूल करतो. आखातातून वा अमेरिकेतून मीरा रोडला परतणाऱ्या कुटुंबालाही न्हावा-शेव्याच्या कंटेनर स्टेशनात हाच अनुभव येऊ शकतो. गोदामाचे भाडे दिवसागणिक वाढते, आणि १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार तीस दिवसांत न सोडवलेला माल नोटीस देऊन विकता येतो. घड्याळ असे विरुद्ध चालत असता भांडत बसण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. बहुतेक जण पैसे भरतात आणि गप्प राहतात.

हे दुखणे केवळ आपल्या देशाचे नाही. अमेरिकेच्या फेडरल मेरिटाइम कमिशनकडे २००५ ते २००९ या काळात घरसामान वाहणाऱ्या कंपन्यांविरुद्ध अडीच हजारांहून अधिक तक्रारी आल्या, आणि २०१० साली त्या संस्थेला खास चौकशी हाती घ्यावी लागली. भाडे घेऊन माल न पोहोचवणे, तो कोठे आहे याची खोटी माहिती देणे, विम्याचे पैसे घेऊन विमाच न उतरवणे, माल ताब्यात आल्यावर रक्कम वाढवून तो अडकवण्याची धमकी देणे, अशी त्या तक्रारींची कैफियत होती. मीरा रोडच्या रहिवाशाने ती वाचली तर त्याला प्रत्येक कलम ओळखीचे वाटेल.

भारतात या लबाडीला नामसाधर्म्याची जोड मिळाली आहे. अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स हे नाव धारण करणाऱ्या डी.आर.एस. लॉजिस्टिक्स या कंपनीने, आपले नाव शोधणाऱ्या ग्राहकांना जाहिरातींच्या द्वारे दुसऱ्यांकडे वळवले जाते अशी तक्रार घेऊन गूगलविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. १० ऑगस्ट २०२३ च्या निर्णयात खंडपीठाने असे मानले की, व्यापारचिन्हाचा शब्द जाहिरातीसाठी वापरण्याच्या व्यवहारात गूगल सक्रिय भागीदार असते आणि हक्कभंग झाल्यास केवळ मध्यस्थ असल्याची सबब त्याला वाचवू शकत नाही. या खटल्याचे महत्त्व सामान्य ग्राहकालाही आहे, कारण परिचित नाव वाचून लावलेला दूरध्वनी भलत्याच माणसाकडे जाऊ शकतो हे त्यातून न्यायालयाच्या दफ्तरी नोंदले गेले.

मग ग्राहकाच्या हाती काय आहे ? मुख्यतः कागद आहे. समुद्रमार्गाच्या व्यापारात बिल ऑफ लेडिंग हा दस्तऐवज मालाची पावती, वाहतुकीचा करार आणि मालावरील हक्काचा पुरावा अशी तिहेरी कामगिरी बजावतो. त्याविषयीचा १८५६ चा कायदा आपल्या संसदेने २०२५ साली बदलून नवा केला. जहाज कंपनी देते ते मास्टर बिल, आणि मध्यस्थ आपल्या नावाने देतो ते हाउस बिल. दुसरे देणाऱ्याची पत पाहिल्याशिवाय त्याच्यावर विसंबणे धोक्याचे. बिलावर कंटेनरचा क्रमांक असतो : चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी पडताळणीचा एक अंक, त्याच्याजवळच दाराला ठोकलेल्या सीलचाही क्रमांक. एवढ्या दोन क्रमांकांवरून पेटी कोणत्या जहाजावर चढली हे जहाज कंपनीकडे थेट विचारता येते, आणि जो व्यावसायिक ते क्रमांक सांगण्यास टाळाटाळ करतो त्याने सामान अद्याप गोदामातच ठेवले असण्याचा संशय रास्त ठरतो.

१९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्यान्वये, रस्ता आणि समुद्र अशा एकाहून अधिक मार्गांनी एकाच करारावर माल परदेशी नेणाऱ्यास नोंदणी सक्तीची आहे. तो नोंदणी क्रमांक मागणे हा ग्राहकाचा अधिकार होय. त्याच कायद्यात असेही आहे की, मालाचे स्वरूप व मूल्य आधी जाहीर केलेले नसेल आणि नुकसान कोणत्या टप्प्यावर झाले हे कळले नाही, तर जबाबदारी दर किलोस दोन अथवा दर नगास ६६६.६७ एस.डी.आर., यांपैकी जी रक्कम जास्त तिच्यापुरतीच मर्यादित राहते; एस.डी.आर. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी परिमाण आहे. यास्तव प्रत्येक मौल्यवान वस्तूची किंमत यादीत लिहावी, आणि विम्याची पॉलिसी विमा कंपनीच्या नावाची व आपल्या नावे उतरवलेली आहे हे स्वतः पडताळावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये मालवाहकाने किंवा गोदामधारकाने केलेल्या विश्वासघातास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, तेव्हा सामान गडप करणाऱ्याविरुद्ध पोलिसांत फिर्याद देता येते.

दाद मागण्याचा मार्गही पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार गुदरण्याची मुभा दिली. कंपनीचे कार्यालय कोणत्याही शहरात असो, भाईंदरच्या रहिवाशाला ठाण्याच्या जिल्हा आयोगापुढे जाता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. एकतर्फी करारास अनुचित ठरवण्याची तरतूदही या कायद्याने प्रथमच आणली. मात्र तो अधिकार जिल्हा आयोगाला नसून राज्य व राष्ट्रीय आयोगांना आहे, हे तक्रार लिहिताना ध्यानात ठेवावे.

तथापि न्याय मिळाला तरी तो सामान गेल्यानंतरचा असतो, आणि म्हणून खरा उपाय गाडी सुटण्यापूर्वीचा हवा. येथे मीरा-भाईंदरला एक सोय आहे. या शहरातील बहुसंख्य कुटुंबे सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहतात, आणि बिऱ्हाड हलवताना संस्थेचा ना-हरकत दाखला व फाटकावरची नोंद हा प्रघात सर्वत्र आहे. त्याच नोंदवहीत कंपनीचे नोंदलेले नाव, वस्तू व सेवा कर क्रमांक, बहुविध वाहतूकदाराचा नोंदणी क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि बिल्टीची (मालाच्या पावतीची) प्रत यांची जागा केली, आणि सामान पोहोचल्यावर कुटुंबाचा बरावाईट अभिप्राय तेथेच लिहिला, तर दोन वर्षांत प्रत्येक संस्थेच्या दफ्तरात या व्यावसायिकांची विश्वसनीय यादी तयार होईल. एकत्र येऊन ग्राहकाचे बळ वाढते, हे १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने घरगुती किराण्यापासून दाखवून दिले आहे. सरकारनेही घरसामान वाहणाऱ्यांसाठी स्वतंत्र परवाना, अनामत रक्कम आणि एकच प्रमाणित करारनामा ठरवून द्यावा. त्या करारनाम्यात सर्व खर्चांसह एक ठोक रक्कम आणि दारापासून दारापर्यंत जबाबदार असणाऱ्या एकाच धन्याची सही असावी. या व्यवसायात प्रामाणिकपणे घाम गाळणारे मुकादम, बांधणी कामगार आणि कंपन्या पुष्कळ आहेत, आणि लबाडांच्या स्वस्त भावापुढे पहिला बळी त्यांचाच जातो. ग्राहकाने सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याऐवजी सर्वांत स्पष्ट कागद देणाऱ्याला काम दिले, तर त्यांना न्याय मिळेल आणि घरसामानही सुखरूप पोहोचेल.