निळ्या गोळीतला दुसरा घटक

भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीतील शाळेत आठवड्याची निळी गोळी वाटताना एखादी मुलगी विचारील, "रक्तासाठी लोह लागते, मग यात फॉलिक आम्ल कशाला?" याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको, त्याची सुरुवात मुंबईतच झाली.

१९२८ साली डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या. गिरणगावातील गरोदर स्त्रियांना होणारा जीवघेणा रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान होतात. येथे मात्र त्या थोड्या, पण नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. म्हणजे उणीव वेगळ्याच कशाची तरी होती. विल्स यांनी या स्त्रियांचा आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि मग रुग्णांना यीस्टचा अर्क दिला. स्त्रिया बऱ्या झाल्या! १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

अर्कातील अज्ञात द्रव्य 'विल्स घटक' म्हणून ओळखले जाऊ लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून मिळालेले फॉलिक आम्ल ते हेच. नवा डीएनए घडवण्यास ते लागते. ते नसले की पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही. म्हणून ती मोठी दिसते. पुढे फॉलिक आम्लाचे कार्य अडवणारी द्रव्ये रक्ताच्या कर्करोगावर औषध ठरली.

थोडक्यात, लोहाने हिमोग्लोबिन बनते, फॉलिक आम्लाने पेशी. गोळीसोबत हेही मुलींना सांगावे. कारण कळले की गोळी दप्तरात पडून राहत नाही.