आगीशी झुंजण्याचे शिक्षण
१९५६ साली रामपूर येथे स्थापन होऊन पुढल्याच वर्षी नागपुरास स्थलांतरित झालेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात सब-ऑफिसर, स्टेशन ऑफिसर, डिव्हिजनल ऑफिसर अशा चढत्या श्रेणीचे अभ्यासक्रम चालतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

नव्या जवानाची तालीम मात्र होजपाईप गुंडाळण्यापासून व शिडी खांद्यावर पेलण्यापासून सुरू होते. आणि पुढे धुराने कोंदलेल्या अंधाऱ्या खोलीत, पाठीवर श्वसनयंत्राचे नळकांडे घेऊन, भिंत चाचपीत सरकताना तळहाताऐवजी हाताची मागली बाजू पुढे करावी, कारण विजेच्या धक्क्याने मूठ आवळली गेल्यास उघडी तार हातातून सुटत नाही, असा सूक्ष्म परंतु प्राणरक्षक धडाही त्यास गिरवावा लागतो.

इच्छुकांनी वय, उंची, दृष्टी यांच्या अटी आधी तपासून मगच अर्ज गुदरावा.