हँडलचा प्ले नेमका येतो कुठून?

अलिबागजवळच्या नागाव किनाऱ्यावर जाड टायरच्या चारचाकी एटीव्ही पळताना तुम्ही पाहिल्या असतील. मोटरसायकलसारखं हँडल, पण पुढे दोन चाकं. वाळूत आणि खाऱ्या पाण्यात रोज धावली की कधीतरी तक्रार येतेच: हँडल ढिलं झालंय. थोडं वळवलं तरी चाक हलत नाही, आणि वेगात गाडी सरळ राहत नाही. संशोधनाची तयारी करत असाल तर ही दुरुस्ती समजून घ्या, कारण कारण कसं शोधायचं ते इथे हाताने तपासता येतं.

आधी वाट बघू. हँडल एका उभ्या दांड्याला जोडलेलं असतं. हा दांडा वर बुशमध्ये आणि खाली बेअरिंगमध्ये फिरतो. त्याच्या खालच्या टोकापासून दोन टाय रॉड दोन्ही चाकांकडे जातात. टाय रॉडच्या दोन्ही टोकांना गोळीचे सांधे असतात. चाक ज्या भागावर बसतं त्याला नकल म्हणतात. तो बॉल जॉइंटवर वळतो, आणि चाक स्वतः बेअरिंगवर फिरतं. यातल्या प्रत्येक जागी थोडी थोडी झीज झाली, तरी हँडलला तिची बेरीज जाणवते. मग बदलायचं काय?

गाडीची पुढची बाजू उचलून स्टँडवर पक्की टेकवा. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा. प्ले फक्त वर-खाली असेल तर बॉल जॉइंटवर संशय घ्या. फक्त डावी-उजवीकडे असेल तर टाय रॉडची टोकं किंवा हँडलचा दांडा. दोन्हीकडे असेल तर बहुधा चाकाचं बेअरिंग. खात्री करायची? कुणाला तरी पुढचा ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकमुळे चाक नकलला जखडलं जातं, म्हणजे बेअरिंगचा प्ले बाजूला पडतो. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोषी बेअरिंग. तसाच राहिला तर पुढे शोधा. आता सोबत्याला हँडल घट्ट धरायला सांगा, एकेका सांध्यावर बोट ठेवा आणि चाक हलवा. झिजलेला सांधा बोटाला टकटक जाणवतो. त्याचं रबरी बूट फाटलेलं असेल तर वाळू आत गेली आहे, असं समजा.

एक मोह टाळा. टाय रॉड फिरवला की त्याची लांबी बदलते, आणि लोकांना वाटतं स्टिअरिंग ‘टाइट’ झालं. तसं होत नाही. लांबी बदलली की चाकांची दिशा बदलते, सांध्यातली झीज आहे तिथेच राहते. त्यात टायर वाकडे झिजायला लागतात ते वेगळंच. झिजलेला सांधा बदलावाच लागतो. नवीन बसवताना नट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट सैल करू नका, पुढच्या खाचेपर्यंत किंचित आवळा. पिन नेहमी नवीनच टाका. हा सांधा धावत्या गाडीत सुटला तर चाक तुमच्या ताब्यात राहत नाही. शेवटी चाकांची दिशा मोजून लावा.

आता तुमच्या कामाकडे या. काम सुरू करण्याआधी हँडलच्या टोकाला पट्टी लावून प्ले मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. एक भाग बदला, पुन्हा मोजा. तीन भाग एकदम बदलले तर गाडी कदाचित नीट होईल, पण कशाने झाली ते कळणार नाही. आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचा खर्च. प्रयोगशाळेत तीन गोष्टी एकदम बदलून आलेला ‘चांगला’ निकाल असाच असतो: हातात येतो, पण समजावून सांगता येत नाही. गाइडने ‘कशामुळे?’ विचारलं की तिथेच अडकायला होतं.

म्हणून तुमच्या पुढच्या प्रयोगात आधी ठरवा: इथे ब्रेक दाबण्यासारखी चाचणी कोणती, जी एक शक्यता स्वच्छ बाजूला काढेल?