ज्याच्या त्याच्या चालीने

वयोमानाने पावले मंदावली की घरातली माणसे आपल्याबरोबर हळू चालू लागतात. घाटाच्या चढणीवर आपल्याला कोणी धावायला सांगत नाही. शिकण्याच्या बाबतीत मात्र हा समजूतदारपणा फारसा आढळत नाही. नवा मोबाइल हाती देऊन नातू एका दमात दहा गोष्टी सांगतो आणि आजीने अकरावी विचारली की, "आत्ताच तर सांगितलं," असे म्हणत फोन पुन्हा स्वतःकडे घेतो. काम होते, शिकणे मात्र राहून जाते. असे चार-सहा वेळा घडले म्हणजे आजी विचारणेच सोडून देते आणि "आता या वयात डोक्यात काही शिरत नाही" असा निष्कर्ष घरात कायमचा बसतो.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांत या निष्कर्षाची किंमत मोठी आहे. कर्ती माणसे नोकरीधंद्यासाठी मुंबई-पुण्याला असतात आणि अनेक घरांत मागे म्हातारा-म्हातारीच उरतात. रात्री कोणती गोळी घ्यायची, मुलाला फोन कसा लावायचा, पासबुकात किती रक्कम जमा झाली, एसटीच्या पाटीवर कोणते गाव लिहिले आहे, ही कामे ज्याची त्यालाच करावी लागतात. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता अडला तर शेजारची मदतही चटकन पोहोचत नाही. म्हणूनच उतारवयात चार अक्षरे, दहा आकडे आणि फोनची दोन बटणे शिकणे हा हौसेचा विषय राहत नाही. तो प्रकृतीचा आणि स्वाभिमानाचा विषय होतो.

ते कसे शिकवावे, याचे उत्तर आपल्या वाडीतल्या प्राथमिक शाळेत सापडू शकते.

एक वर्ग, अनेक चाली

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक असतात. डोंगरातल्या लहान शाळेत पटसंख्या त्याहून पुष्कळच कमी असते. म्हणजे एकाच शिक्षकापुढे एकाच खोलीत दोन-तीन इयत्तांची मुले बसतात. एका मुलाला अक्षरओळख नसते, दुसरे धडा घडाघडा वाचते, तिसरे भाताच्या लावणीत पंधरा दिवस घरी राहून परत आलेले असते. अशा वर्गात फळ्यासमोर उभे राहून सर्वांना एकच धडा शिकवला, तर तो कोणालाच नीट पोहोचत नाही.

अशा वेळी काही शिक्षक वेगळी रीत धरतात. धड्याचे लहान लहान टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याचे साहित्य मुलाच्या हाताशी ठेवायचे आणि एक टप्पा पक्का झाल्यावरच त्याला पुढचा द्यायचा. शिक्षक फळा सोडून मुलांमध्ये फिरतो आणि जिथे अडले असेल तिथे बसतो. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथे खेड्यातल्या बहुवर्ग शाळांसाठी अशीच 'शिडी' तयार झाली. प्रत्येक पायरीचे एक कार्ड असते आणि मूल स्वतः पाहून ठरवते, की आपण कोणत्या पायरीवर आहोत. गैरहजर राहिलेले मूल परत आले की सोडलेल्या पायरीपासून सुरुवात करते. ते 'मागे पडले' असे कोणी म्हणत नाही.

हा विचार नवा नाही. १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये श्रमिकांच्या मुलांसाठी बालगृह सुरू केले. त्यांच्या साहित्याची मोठी खुबी अशी, की चूक झाली तर ती साहित्यच दाखवते. दट्ट्या चुकीच्या भोकात बसत नाही, म्हणून मूल तो काढून दुसरीकडे लावून पाहते. कोणाला रागावण्याची गरज पडत नाही. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी ही दृष्टी आपल्या मातीत रुजवली. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामातून त्या पुढे बोर्डीला आणि १९५७ साली कोसबाडला गेल्या. अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी आदिवासी पाड्यांच्या अंगणात बालवाडी नेली आणि महागड्या साहित्याऐवजी शंख, शिंपले, बिया, पाने वापरली. १९६८ साली अमेरिकेत बेंजामिन ब्लूम यांनी असा विचार मांडला, की पुरेसा वेळ आणि योग्य मदत मिळाली तर बहुतेक विद्यार्थी विषय पक्का करू शकतात. विद्यार्थ्यांमधला पुष्कळसा फरक कुवतीपेक्षा लागणाऱ्या वेळेचा असतो, हे त्यांच्या म्हणण्याचे सार.

फांगण्याच्या आजीबाई

हेच तत्त्व वृद्धांनाही लागू पडते का, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात, फांगणे गावी जावे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू केली. आपल्यालाही पोथी वाचता यायला हवी होती, ही गावातल्या वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखवलेली खंत तिच्या मुळाशी होती. साधारण ६० ते ९० वयाच्या आजी गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर लावून, घरकाम आटोपल्यावर दुपारी शाळेत येऊ लागल्या. पाटीवर बाराखडी गिरवू लागल्या आणि अंगठ्याऐवजी सही करू लागल्या.

साठीची आणि नव्वदीची विद्यार्थिनी एकाच चटईवर बसते, तेव्हा सर्वांना एका दोरीने बांधणे शक्यच नसते. एकीला अक्षर दिसत नाही, दुसरीला ऐकू येत नाही, तिसरीचा हात थरथरतो. तिथे घाई उपयोगी पडत नाही. जिचे अक्षर ज्या दिवशी जमेल, तो तिचा दिवस.

वयाबरोबर मेंदूत काय बदलते?

वाढत्या वयात मेंदूची माहिती हाताळण्याची गती मंदावते आणि एका वेळी अनेक गोष्टी ध्यानात धरणे अवघड जाते. परंतु शब्दसंपत्ती, अनुभव आणि जुने कौशल्य दीर्घकाळ टिकते. याचा अर्थ सरळ आहे: वेग कमी झाला, तरी शिकण्याची क्षमता संपत नाही. वरून कोणी घाई केली की मन बावरते आणि जे आठवत होते तेही निसटते. सैल वेळ दिला तर चुका कमी होतात.

विसरण्याचेही एक शास्त्र आहे. १८८५ साली जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यांनी दाखवले, की शिकलेले पहिल्या काही तासांत व दिवसांतच सर्वाधिक पुसले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी ते टिकवते. म्हणून रविवारी सलग दोन तास शिकवण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे अधिक फळ देतात.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाशी संबंधित, पण बदलता येण्याजोगे १४ धोक्याचे घटक नोंदवले. त्यांत बालवयातील अपुरे शिक्षण, श्रवणदोष, उपचार न केलेला दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, नैराश्य आणि एकाकीपणा यांचा समावेश आहे. पाटी-पेन्सिल हे स्मृतिभ्रंशावरचे औषध आहे, असा दावा कोणी करू नये. पण शिकण्याच्या निमित्ताने चष्मा तपासला जातो, कानाची तक्रार ध्यानात येते, चार माणसांत बसणे होते, हा लाभ लहान नाही.

घरी कसे आरंभावे?

पहिली गोष्ट, काय शिकायचे ते शिकणाऱ्यालाच ठरवू द्यावे. एकीला पोथी वाचायची असेल, दुसरीला नातवाचा चेहरा फोनवर पाहायचा असेल. गरज स्वतःची असली की चिकाटी आपोआप येते.

आरंभ करण्यापूर्वी डोळे व कान तपासून घ्यावेत. खिडकीजवळ, उजेडात बसावे. अक्षर मोठे व ठळक काढावे.

कामाचे टप्पे पाडावेत. 'फोन लावणे' हे एक काम दिसत असले, तरी कुलूप उघडणे, हिरवी खूण ओळखणे, फोटो पाहून माणूस निवडणे आणि बोलणे संपल्यावर लाल खूण दाबणे, अशा त्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी तीन दिवस स्वतःहून जमली, तरच दुसरीकडे वळावे. फोन शिकणाऱ्याच्याच हाती राहू द्यावा. आपला हात पुढे सरसावला तर तो मागे घ्यावा.

आकडे दोन्ही लिपींतले शिकवावेत. कालनिर्णयावरचे १, २, ३ ओळखणाऱ्या आजीला औषधाच्या पाकिटावरची इंग्रजी आकड्यांतली तारीख अनोळखी असते. मुदतीची तारीख व गोळीचे मिलिग्रॅम वाचता येणे हे तिच्यासाठी पहिल्या इयत्तेचे गणित समजावे.

चूक आपली आपल्याला दिसेल अशी साधने ठेवावीत. सात वारांच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी हे त्याचे उत्तम उदाहरण: मंगळवारचा कप्पा भरलेला दिसला की गोळी राहिली हे आजी स्वतःच ओळखते. मात्र डबी जाणत्या व्यक्तीनेच भरावी आणि राहिलेली गोळी दुप्पट करून घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

बँकेचा पिन व ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हा धडा फोनबरोबरच द्यावा.

औपचारिक शिकायचे असल्यास केंद्र शासनाचा 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे. त्यात स्वयंसेवक शिकवतात, तसेच वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची चाचणी होते. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत चौकशी करावी.

केव्हा सावध व्हावे?

नवे उशिरा जमणे हा वयाचा भाग आहे. पण वर्षानुवर्षे येत असलेले काम विसरणे, ओळखीच्या वाटेवर चुकणे, तोच प्रश्न तासाभरात अनेकदा विचारणे, ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा औषधांचे परिणाम यांमुळेही विसराळूपणा येतो आणि त्यांवर उपचार आहेत. बोलण्यात अचानक गोंधळ झाला, तोंड वाकडे झाले किंवा हातातली शक्ती गेली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

शेवटी, शुश्रूषा करणाऱ्या सुनेला, मुलीला, मुलाला एक विनंती. दिवसभराच्या कामानंतर आपला संयम संपणे स्वाभाविक आहे; अशा दिवशी पाटी बाजूला ठेवावी. शिकवण्याची पाळी घरात वाटून घ्यावी. नातवंडे हे काम आनंदाने करतात, कारण शाळेत नवे अक्षर गिरवणे किती अवघड असते, हे त्यांना नुकतेच कळलेले असते.

आणि आपण जर स्वतः शिकणारे असाल, तर एवढेच ध्यानी असू द्यावे: शेजारच्या काकूंना आठ दिवसांत जमले म्हणून आपल्यालाही आठच दिवस लागले पाहिजेत, असा नियम कोणी केलेला नाही. आज एक अक्षर ओळखीचे झाले, तर आजचा धडा पूर्ण झाला.