मतदार रांगेत कशाने येतो?

पालघर लोकसभा मतदारसंघात 28 मे 2018 च्या पोटनिवडणुकीत सुमारे 53 टक्के मतदान झाले. अकरा महिन्यांनी, 29 एप्रिल 2019 ला सार्वत्रिक निवडणुकीत, जवळपास 64 टक्के. दोन्ही वेळा सोमवार, दोन्ही वेळा उन्हाळा. विजेतेही तेच, राजेंद्र गावित. आधी भाजपचे, मग शिवसेनेचे. जाहिरातवाल्याच्या भाषेत माल तोच, वेष्टन वेगळे. मग गिऱ्हाईक कशाने वाढले? प्रचार 2018 मध्येही कमी नव्हता, भाजप आणि शिवसेना तर एकमेकांवर तुटून पडले होते. माझ्या मते फरक आजूबाजूच्यांचा. मत गुप्त असते, पण बोटावरची शाई चारचौघांत दिसते. सगळा देश मतदान करत असताना कोऱ्या बोटाला जाब द्यावा लागतो. पोटनिवडणुकीत कोण विचारतो? अमेरिकेतील मिशिगनमध्ये 2006 साली गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर यांनी हे पत्रे पाठवून तपासले. नुसते कर्तव्य सांगणाऱ्या पत्राने शेकड्यामागे दोनही मतदार वाढले नाहीत, शेजाऱ्यांनी मतदान केले की नाही हे छापलेल्या पत्राने आठ वाढले. (आपल्याकडे अशा यादीने भांडणेच लागतील.)

कोणी म्हणेल, 2018 मध्ये व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडली होती. खरे आहे, काही मते त्यात गेलीच. पण बिघाड रांगेतल्याला परत पाठवतो, घरी बसलेल्याला नाही. याच मतदारसंघातल्या बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतला परप्रांतीय कामगार मात्र वेगळा. मतदानाची भरपगारी सुटी कायद्यात आहे, पण नाव गावच्या यादीत. जाब विचारणारा शेजारही तिथेच. त्याच्यासाठी एमआयडीसीत आधी यादीतला पत्ता बदलण्याचा नमुना 8 चा अर्ज पोचायला हवा, घोषणांचे फलक नंतर.