एका बोटामागे किती मेंदू?

उजव्या हाताचा अंगठा तर्जनीला टेकवा आणि सोडा. एवढ्याशा हालचालीचा हुकूम मेंदूच्या डाव्या अर्धगोलातून निघतो, लंबमज्जेपाशी बाजू बदलतो, मज्जारज्जूतून मानेच्या खालच्या भागापर्यंत उतरतो आणि तिथल्या चेतापेशींमार्फत हाताच्या स्नायूंत पोहोचतो. या प्रवासाला सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग लागतो. तेवढ्या वेळात उजवा अर्धगोल बराचसा शांत असतो. दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्यातून डावा त्याला गप्प बसवत असतो. एक बोट हलवायचे तर बाकीचे किती काही थोपवून धरावे लागते! मला सर्वांत जास्त नवल याचेच वाटते.

हा वेग साधतो तो मायलिनमुळे. चेतातंतूंभोवती या मेदयुक्त पदार्थाचे थर गुंडाळलेले असतात. ते शाबूत असतील तर हालचालीचा संदेश सेकंदाला ६०-७० मीटर धावतो. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर ज्याला नुसते ‘एमएस’ म्हणतात त्या आजारात, शरीराची रोगप्रतिकारशक्ती याच आवरणावर उलटते. कुठे आवरण सोलले जाते, कुठे आतला तंतूच तुटतो. आजार बहुधा विशी ते चाळिशीत डोके वर काढतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो. एका डोळ्याने धूसर दिसू लागते, पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. काही आठवड्यांत बरे वाटते, आणि पुढे कधीतरी दुसरेच काही उपटते.

पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे नीट वर्णन केले. आपल्याकडे मात्र तो फारसा नाहीच, हा थंड देशांतला आजार, अशी समजूत दीर्घकाळ होती. मुंबईचे मेंदुविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की पारशी समाजात तो चांगलाच आढळतो. त्याआधीच, १९८५ मध्ये, मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली होती. जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याचे साधन आल्यावर हा आजार ओळखणे खूपच सोपे झाले.

ते साधन म्हणजे एमआरआय. नवी मुंबईत मे महिन्यात बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात, आणि त्याच वेळी नेरुळ-बेलापूरच्या रुग्णालयांतल्या अशा यंत्रांच्या पोटात द्रवरूप हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसला चुंबकाची वेटोळी गार ठेवत असते. १.५ टेस्लाच्या यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट असते. त्यात आपल्या शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे केंद्रक सेकंदाला जवळपास ६ कोटी ४० लाख वेळा डोलतात. नेमक्या त्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली की ते प्रतिसाद देतात आणि त्या प्रतिसादांतून चित्र उभे राहते. (असे यंत्र देशातच बनवण्याच्या प्रकल्पाची धुरा ‘समीर’ या सरकारी संस्थेकडे आहे. तिचा एक परिसर आपल्या खारघरला आहे.)

१९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात एमएसच्या १० रुग्णांचे मेंदू या तंत्राने पाहिले गेले. सीटी स्कॅनमध्ये त्यांच्यात मिळून १९ डाग दिसले होते. नव्या तंत्राने त्यांखेरीज आणखी ११२ दाखवले.

पण डाग मोजून माणूस कळेना. एखाद्याच्या मेंदूत डागांची गर्दी, आणि तो व्यवस्थित चालतोय. दुसरीच्या चित्रात मोजकेच डाग, आणि तिला शर्टाचे बटण लावता येत नाही. डाग नेमका कुठे पडला, मज्जारज्जूत काय झाले, यातून थोडा उलगडा होतो. उरलेल्या कोड्यासाठी मेंदू काम करताना पाहायला हवा होता.

प्राणवायू सोडून दिलेले रक्त चुंबकीय क्षेत्रात वेगळे वागते, हे लायनस पॉलिंग यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे काही सेकंदांत ताज्या रक्ताचा लोंढा येतो आणि तिथला एमआरआयचा संकेत किंचित, शेकड्यात एखाद-दोनने, बदलतो. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हा फरक टिपला आणि फंक्शनल एमआरआयचा पाया घातला.

मग २००० मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात एच. रेड्डी, पॉल मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. हाताची ताकद शाबूत असलेल्या किंवा पूर्ववत झालेल्या एमएसच्या रुग्णांना त्यांनी यंत्रात झोपवून हाताची साधी हालचाल करायला सांगितली. हालचाल निरोगी माणसासारखीच होती. पण जो अर्धगोल गप्प असायला हवा, तिथली हालचालीशी निगडित सक्रियता निरोगी लोकांच्या सरासरी पाचपट निघाली. ज्यांच्या चेतातंतूंची हानी अधिक, त्यांच्यात ही वाढही अधिक होती.

ही हानी त्यांनी मोजली चेतापेशींतल्या एनएए नावाच्या रसायनावरून, डोक्याला टाचणीही न टोचता. रेणूत अणूचा शेजार बदलला की त्याच्या केंद्रकाची वारंवारता सूक्ष्मशी सरकते, यावर ती मोजणी चालते. अल्कोहोलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन असे तीन वेगळ्या ठिकाणी उमटतात, हे १९५१ मध्ये स्टॅनफर्डला दाखवणाऱ्या तिघांत एस. एस. धर्मट्टी होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची प्रयोगशाळा त्यांनीच उभी केली.

त्या पाचपटीचा अर्थ काय? वाशीचा खाडीपूल बंद पडला तर नेरुळचा माणूस ऐरोली-ठाण्याचा वळसा घालून दादरला पोहोचतो. हजेरीपटावर काहीच फरक दिसत नाही, अंगातले त्राण मात्र गेलेले असते. एमएसमधला थकवा काही अंशी असा असावा, असे अनेक अभ्यास सुचवतात. ‘दिसतेस तर ठणठणीत!’ हे वाक्य रुग्णांना फार ऐकावे लागते. मला ते क्रूर वाटते. संशोधकांत मात्र एक वाद आहे. ही जादा सक्रियता खरोखर मदतीला धावते, की दोन अर्धगोलांमधला पट्टाच झिजल्यामुळे गप्प बसवणारा हात सैल पडतो? दोन्ही एकाच डोक्यात घडत असणेही शक्य आहे. शिवाय हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. रुग्णालयात एकेका रुग्णाचे निदान आजही साध्या एमआरआयवरच्या डागांवरून आणि डॉक्टरांच्या तपासणीवरून होते.

आवरण गेलेला तंतू उष्णतेलाही हळवा होतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी संदेश अडखळू शकतो. दृष्टी धूसर होते, पाय जड होतात आणि अंग गार झाले की पूर्ववत होतात. जर्मन नेत्रवैद्य उट्‌हॉफ यांनी हे १८९० मध्ये नोंदले. दमट दुपारी सानपाडा स्टेशनचा जिना चढणाऱ्या एमएसच्या रुग्णाला सावली, पंखा, गार पाणी यांची गरज औषधाइतकीच असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ अपंगत्वांच्या यादीत एमएसचा समावेश केला, ते योग्यच झाले.

असा मेंदू सरावाने काही नवे शिकू शकतो का? व्हॅलेंटिना तोमासिनी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये रुग्णांकडून डोळ्यांनी पाहत हाताने साधायच्या एका कामाचा सराव करून घेतला. मेंदूत हानी जास्त असलेल्यांचे कौशल्यही सरावाने सुधारले. स्कॅनमध्ये त्या सुधारणेशी जुळणारे बदल दिसले, आणि निरोगी माणसांत दिसतात त्याहून ते मेंदूच्या वेगळ्याच भागांत होते.